चेन लांबत नाही

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे टोले देणारी भिंतीवरची घड्याळं आणि त्यांच्यापुढे बसलेला पांढऱ्या दाढीचा कारागीर असावा. मी त्यांना निराश करणार आहे. मला दाढी नाही. अमरावतीतलं माझं दुकान म्हणजे दोन झेरॉक्सवाल्यांच्या मधे अडकलेलं एक काचेचं काउंटर. येणाऱ्या गिऱ्हाइकांत बहुतेक सेल बदलायला येतात, काही चेन लहान करायला येतात, आणि अधूनमधून एखादा नुसता टाइम विचारायला येतो. त्याला मी खिशातला मोबाइल काढून टाइम सांगतो, कारण माझ्या भिंतीवरच्या घड्याळांचं आपसांत पटत नाही.

सेल बदलण्यात लिहिण्यासारखं काही नाही. म्हणून चेनबद्दल लिहितो. शिवाय चेनबद्दल मला एक गोष्ट सांगायचीच आहे. ती शेवटी सांगावी की आधी, हे अजून ठरत नाहीये, म्हणून आधी धंदा सांगतो.

चेन म्हणजे मनगटी घड्याळाचा धातूचा पट्टा. चामड्याच्या पट्ट्याला भोकं असतात, माणूस आपलं आपण भोक निवडतो आणि चुकलं तर आपल्याच नावानं ओरडतो. चेनचं तसं नाही. ती कड्याकड्यांची असते आणि कड्या बारीक पिनांनी जोडलेल्या असतात. दुकानातून नवं घड्याळ घेतलं की ते पैलवानाच्या मापाचं असतं. मग काही कड्या काढाव्या लागतात. आतल्या बाजूला एवढासा बाण कोरलेला असतो, त्या दिशेनं पिन ठोकायची. उलटी ठोकली तर ती अडकून बसते, आणि मग गिऱ्हाइकासमोर ‘ही कंपनी अशीच बनवते’ असं म्हणत घाम पुसावा लागतो. मी पुष्कळदा पुसला आहे.

कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायच्या, म्हणजे लॉक मनगटाच्या बरोबर खाली येतं. सगळ्या एकाच बाजूनं काढल्या तर लॉक हाडावर चढतं आणि टेबलावर हात टेकला की टोचतं. लॉकच्या कडेला दोनतीन बारीक भोकं असतात. कडी काढली तर घट्ट आणि ठेवली तर ढिली, अशा अडलेल्या हातासाठी ती आहेत. पुष्कळ कारागीर ती विसरतात. माप बरोबर झालं की चेनखालून करंगळी सरकली पाहिजे. अंगठा सरकला तर ती बांगडी झाली, आणि करंगळीच अडली तर बेडी. ढिल्या चेनमध्ये केस अडकून उपटले जातात, घट्ट चेनखाली घाम साचून कातडी उतते. आणि माप घ्यायचं ते दुपारी. वऱ्हाडातला माणूस सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. उन्हानं त्याचा हात फुगतो. थंडीत बसवलेली चेन एप्रिल-मेमध्ये हमखास परत येते, “घट्ट होऊन राहिली” म्हणून. काढलेल्या कड्या पुडीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायच्या, हा आमच्या धंद्याचा धर्म. त्या त्याच्या असतात, आणि माणूस कायम त्याच मापाचा राहत नाही.

एवढं ज्ञान मला आहे. आता त्याचे पराक्रम ऐका.

एक निवृत्त मुख्याध्यापिका चेन टोचते म्हणून तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी वेगळी कडी काढली, वेगळी घातली, लॉक घासलं. चौथ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, “मी घड्याळ आतल्या बाजूला घालते, हे तुम्ही एकदाही पाहिलं नाही.” डायल तळहाताच्या अंगाला, म्हणजे लॉक हाताच्या पाठीवर. मी तीनदा त्यांचं घड्याळ पाहिलं होतं. हात पाहिलाच नव्हता.

दुसरे आमच्या वॉर्डातले एक पुढारी. त्यांना चेन ढिली हवी होती. “भाऊ, हात वर केला का घड्याळ कोपरापर्यंत सरकलं पाह्यजे. लोकायले दिसलं पाह्यजे.” मी म्हटलं, दिसेल. माझ्या अंगात ऐनवेळी उदारपणा येतो, एक कडी जास्तच ठेवली. पुढे एका लग्नात पंगतीवरून फिरताना साहेबांनी कोणाला तरी लांबूनच हात केला आणि घड्याळ सुटून वरणाच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पडलं. ते दुकानात आले तेव्हा घड्याळाला अजून हिंगाचा वास होता. मी एक शब्दही न अडखळता सांगितलं, “लॉक झिजलं साहेब. धातू आहे, झिजतेच.” लॉक ठणठणीत होतं. त्यांनी मान डोलावली. धातू उलटून बोलत नाही, म्हणून आमच्या धंद्यात सगळं त्याच्यावर ढकलता येतं. ही सवय मला तिथेच कुठेतरी लागली.

आता जावयांकडे येतो.

माझी धाकटी बहीण वंदना अकोल्याला दिली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई, प्रकाशराव एका जिनिंगमध्ये कापसाची पारख करतात. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ताणायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. माणूस अंगानं भरलेला, बोलणं मोजकं, पण त्या मोजक्या बोलण्यात एक तरी टोमणा. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी मला त्यांच्या मनगटाचं माप हवं होतं, कारण लग्नातलं घड्याळ मीच देणार होतो आणि ते आधी कळू द्यायचं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. बहिणीच्या काळजीनं मी गहिवरलो असं मंडपातल्या बायांना वाटलं. दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. मी माप घेत होतो. माझा अंगठा आणि मधलं बोट त्यांच्या मनगटाभोवती नखाला नख लागून भेटली. ते माप मी डोक्यात ठेवलं, दुकानात येऊन दोन कड्या काढल्या, त्या पुडीत घालून वंदनाला दिल्या, आणि लग्नात घड्याळ त्यांच्या हातात असं बसलं की त्यांच्याकडचे वडीलधारेसुद्धा म्हणाले, “कारागीर आहे बुवा.” त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. घड्याळाच्या मशीनचा विषय निघाला तरी मी तो फिरवून त्या चेनवर आणत असे.

म्हणून चार-पाच वर्षांपूर्वी भाऊबिजेला वंदनाकडची मंडळी आमच्याकडे आली आणि सगळ्यांसमोर प्रकाशराव म्हणाले, “भाऊ, तुमची चेन ढिली होऊन राहिली,” तेव्हा मला ते फार लागलं. इतकी वर्षं त्यांच्या हातात असून चेन अजून ‘तुमची’च होती. जावयानं सासरच्या वस्तूला नाव ठेवावं, ही आपल्याकडे त्याची मानाचीच गोष्ट. मी ते तसंच घेतलं. बायको स्वयंपाकघरातून डोळ्यांनी खुणावत होती, जवाई आहेत, बोलू नका. मी बोललो नाही. दुकानात नेऊन एक कडी काढली. आणि रागानं ती पुडीत न घालता माझ्या डब्यात टाकली, जिथे सतराशे साठ घड्याळांच्या सुट्या कड्या पडलेल्या असतात. धर्म पहिल्यांदा तिथे मोडला.

पुढच्या खेपेला आम्ही धामणगावला एका नातलगाच्या लग्नात भेटलो. जेवणं आटोपली होती. प्रकाशरावांनी हात हलवून दाखवला, घड्याळ मनगटावर गर्रकन फिरलं. “भाऊ, पुन्हा ढिली.”

पिन काढायचं अवजार माझ्या खिशात असतंच. मंडपात खुर्चीवर बसून मी चेन उघडली. भोवती पाहुणे जमले. प्रकाशराव जग तोंडाला लावून पाणी पीत होते, तो संपला तसा त्यांनी दुसरा मागवला.

मी म्हटलं, “काहो, अकोल्यात पाणी येत नाही का?”

अकोल्याच्या नळावरचा विनोद वऱ्हाडात कधी फुकट जात नाही. सगळे हसले. प्रकाशरावही हसले आणि म्हणाले, “येते ना. पण तुमच्या लग्नातलं पाणी फुकट हाये, पिऊन घेतो.” मग मला म्हणाले, “कापूस तानला तर तुटते. तुमची चेन तानली तर लांबते. मंग आमचा कापूसच बरा.”

पुन्हा हशा. या वेळी माझ्यावर. मी धंद्याचा आव आणून सगळ्यांना समजावलं की धातू आहे, जुना झाला की पिना झिजतात, भोकं मोठी होतात, चेन लांबते. यात खोटं काही नव्हतं. जुनी चेन थोडी लांबतेच. पण ती लांबली की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे. डायल हातात धरायचं आणि चेन आडवी करायची. लांबलेली चेन झोळीसारखी वाकते. मी त्या दिवशी ती आडवी धरली होती. ती काठीसारखी सरळ राहिली. मी पाहिलं, आणि दुसरी कडी काढून खिशात टाकली. घरी आल्यावर तीही डब्यात गेली.

तिसरी वेळ मे महिन्यातली. प्रकाशराव आणि वंदना काही खरेदीला अमरावतीला आले होते, दुकानात डोकावले. दुपार होती आणि ऊन असं की काउंटरच्या काचेवर हात ठेववत नव्हता. मी मघाशी सांगितलं, या दिवसांत माझ्याकडे लोक चेन ढिली करून घ्यायला येतात. प्रकाशरावांनी हात पुढे केला आणि घड्याळ घरंगळत तळहातापर्यंत आलं.

“तुमच्या कारागिरीची मुदत संपली वाटते, भाऊ.”

या वेळी मी मनगट धरलं. अंगठा मधल्या बोटाच्या नखावरून पुढे गेला, पेराच्या घडीपर्यंत. मनगटाचं हाड अंजिराएवढं वर आलं होतं. मला कळलं. मला चांगलंच कळलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनगटाकडे पाहून पोट भरतो, मला नाही कळणार तर कोणाला?

आणि मी म्हणालो, “बसा, रस मागवतो.”

जावयाला उसाचा रस मागवला. त्यांनी तीन ग्लास घेतले. आज आठवलं की वाटतं, विषच मागवलं असतं तर निदान माझी नियत तरी स्पष्ट राहिली असती. चौथा ग्लास ते स्वतः रसवंतीवर जाऊन प्यायला निघाले. तेवढ्यात वंदना काउंटरवर वाकली.

“दादा, खरं सांग. चेन लांबते का रे?”

“काहून?”

“मले वाटते, हे वाळून राहिले. पण यायले इचारलं तर म्हनते, तुह्या भावानंच सांगतलं, चेनच लांबली. तुले तं समजते ना यातलं.”

बहिणीनं मला जन्मात एवढंच विचारलं होतं. इतर बाबतींत माझं मत तिला कधी लागलं नाही. फक्त माझ्या धंद्यातलं एक विचारलं. आणि मला त्या क्षणी तिची सासू डोळ्यांपुढे दिसली. जावई वाळले असं माहेरच्या माणसानं म्हटलं की दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातच्या भाकरी मोजल्या जातात. शिवाय आणखी एक, ते लिहायला लाज वाटते पण लिहितो. जावई वाळले असतील तर चेन बरोबर होती, आणि इतके महिने मी मनातल्या मनात त्यांच्यावर रुसून बसलो होतो ते उगीच. रुसवा सोडायला मला जड जात होतं.

“लांबते वं,” मी म्हटलं. “जुनी झाली.”

तिचा चेहरा एकदम सैल पडला. “मंग ठीक हाये,” म्हणाली, आणि जवळ बांगड्यांचं दुकान कुठे आहे ते विचारू लागली. मी तिसरी कडी काढली. त्याच्यापुढच्या कड्यांना बाणच नव्हते. त्या निघतच नाहीत. चेनचं माप संपलं होतं.

पोळ्याच्या आसपास अकोल्याहून भाच्याचा फोन आला. बाबा अंगणात पडले, दवाखान्यात ठेवलंय. मी मिळाली ती एसटी धरून गेलो. साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी आम्हालाच झापलं, “घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का? तहान, वाळणं, काहीच नाही?” मी भिंतीवरचं घड्याळ पाहू लागलो. तेही मागे होतं. पायाला चपलेनं झालेली जखम प्रकाशरावांना महिनाभर दुखलीच नव्हती. डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

वंदना बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मुठीत घड्याळ होतं. “नर्सनं दिलं,” ती म्हणाली. “लॉक न उघडता निघालं, दादा. हातातून तसंच निघालं.” न बोलण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही, आणि त्यातही मी थोरला.

प्रकाशराव शुद्धीवर आले, बसते झाले, इन्शुलिनची सुई स्वतः टोचायला शिकले. भेटायला गेलो तर मला पाहून म्हणाले, “या भाऊ. तुमी हातातून कड्या काढल्या, डॉक्टरानं पायातून काढली. तुमची अन् त्याची काही ओळख हाये का?” वॉर्डातले लोक हसले. मी बाहेर काढलेली केळी परत पिशवीत घातली. होय, साखरेच्या पेशंटला मी केळी नेली होती.

पुढच्या वर्षभरात माणूस हळूहळू भरत आला. आणि एका दुपारी त्यांचाच फोन.

“भाऊ, चेन लांबते म्हनले होते तुमी.”

“हो.”

“तशी आखडते का हो? दोन महिन्यांपासून आखडून राहिली. कातडीवर वळ उठून राहिले.”

टोमणा होता की साधी चौकशी, आवाजावरून कळलं नाही. मी म्हटलं, येतो.

मग तो डबा पालथा केला. शेकडो कड्या. सगळ्या चकचकीत, सगळ्या एकसारख्या, आणि त्यांतल्या तीन माझ्या. दुपारभर डोळ्याला भिंग लावून शोधत बसलो. दोन सापडल्या, आणि त्याही माझ्या हुशारीनं नाही. त्यांच्या सांध्यात कापसाचे बारीक तंतू अडकून बसले होते, जिनिंगमधले. तिसरी मी बहुधा कोणाच्या तरी घड्याळात ‘नवीन टाकली’ म्हणून बसवून दिली असावी. तो माणूस आज कुठेतरी माझ्या जावयाची एक कडी हातात घालून फिरतो आहे.

अकोल्याला पोचलो तेव्हा प्रकाशराव पुढच्या खोलीत बसले होते, वंदना कोथिंबीर निवडत होती. मी अवजार काढलं, पिन ठोकली, दोन कड्या बसवल्या. तरी घट्ट. अजून एक हवी.

“तिसरी कुठी हाये?” प्रकाशराव म्हणाले.

“हरवली.”

“धातू हाये,” ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “झिजून गेली असंन.”

वंदना उठून आत गेली आणि एक पिवळी पडलेली पुडी घेऊन आली. लग्नातल्या दोन कड्या. इतकी वर्षं तिनं त्या मंगळसूत्राच्या डबीत जपल्या होत्या, मी सांगितलं होतं म्हणून. मी त्यातली एक उचलली, आणि हात थांबला.

“वंदने, चेन लांबत नाही.”

तिनं पुन्हा कोथिंबिरीची जुडी हातात घेतली.

“म्हणजे इतकी नाही लांबत. तू दुकानात इचारलं होतं तवा मले माहीत होतं. हे वाळले होते. मले बोटाले समजलं होतं.”

प्रकाशरावांनी खिडकीकडे पाहिलं. वंदनानं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली.

“मंग काहून नाही सांगतलं?”

“तुही सासू तुले बोलली असती.”

“बोलली असती,” ती म्हणाली. “चार दिवस बोलली असती. पाचव्या दिवशी यायले दवाखान्यात नेलं असतं.” तिनं प्रकाशरावांच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “मी जवाई कसे हायेत ते नव्हतं इचारलं, दादा. चेनचं इचारलं होतं.”

रुसव्याची गोष्ट मी तिथे सांगितली नाही. ती इथे पहिल्यांदाच लिहितो आहे. अंक अकोल्यालाही जातो.

मग प्रकाशरावांनी हात माझ्यापुढे धरला. “घ्या, माप घ्या आता. अन् या खेपेले गहिवरू नका.” म्हणजे साक्षगंधातली माझी लबाडी त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती.

मी मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट नखाला नख लागून भेटली. लग्नातली कडी बसवली, लॉक लावलं. सवयीनं करंगळी चेनखाली घालणार, एवढ्यात वंदनानं माझा हात बाजूला केला आणि आपली करंगळी घातली. सरकवून पाहिली, मागे-पुढे, धंद्यातल्या माणसासारखी.

“बरोबर हाये,” ती म्हणाली.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी ती प्रकाशरावांच्या चेनखाली करंगळी घालून पाहते. भाचा सांगतो, आजीसमोरसुद्धा पाहते. मध्ये एकदा चेन जरा सैल लागली, तर त्याच दिवशी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. मला त्यानंतर कळवलं. विचारलं नाही.